विकास, बहर आणि माज

गेल्या सहामाहींत नववीच्या वर्गाला मीं 'आमचें गांव' हा निबंधाचा विषय दिला होता. वह्या तपासतां तपासतां एका निबंधांत पुढील वाक्यें आढळलीं : "गेल्या दहा वर्षांत आमच्या गांवाचा फार विकास झाला आहे. शेतीचा विकास झाला. बाजाराचा विकास झाला. ओढ्याच्या कांठीं गाजरगवताचा विकास झाला आणि एस्. टी. च्या थांब्याजवळ दारूच्या दुकानांचाही विकास झाला." मुलगा हुशार, अक्षर वळणदार, शुद्धलेखनाची एकही चूक नाहीं. व्याकरणाच्या दृष्टीनें तर सर्व वाक्यें निर्दोष. तरी तीं वाचून मी हातांतील लाल पेन्सिल तशीच धरून कांहीं वेळ स्वस्थ बसलों. चूक आहे हें कळत होतें. पण खूण कोणत्या अक्षराखालीं करावी तें कळेना.

दुसऱ्या दिवशीं लेखकाचें नांव न सांगतां मीं तो उतारा वर्गांत वाचून दाखविला. गाजरगवतापाशीं येतांच वर्ग हंसला. "कां हंसलांत?" असें विचारतां मागच्या बांकावरील एक मुलगी उठून म्हणाली, "सर, गाजरगवताचा विकास कसा होईल? तें माजतं." "बरें, आणि दारूच्या दुकानांचें काय?" "तीं बोकाळतात," दुसऱ्या कोणीं सांगितलें. बाजाराला 'भरभराट' हा शब्द मिळाला. शेतीपाशीं मात्र बराच खल झाला. कोणी 'फुलली' म्हणालें, कोणी 'पिकली', कोणी 'बहरली'. तास संपला तरी निकाल लागला नाहीं. तो निकाल कसा लागतो तें पाहावें, आणि त्या निमित्तानें विद्यार्थ्यांशीं व त्यांच्या पालकांशीं चार शब्द बोलावे, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मला सांगावयाचें आहे तें थोडक्यांत असें. वाढ कशाची झाली, कशानें झाली, ती कोठवर जाणार आणि तिच्यापासून कोणास काय लाभणार, हे प्रश्न प्रत्येक वाढीच्या पाठोपाठ येतात. आपल्या भाषेंत वाढ व उत्कर्ष दाखविणारीं जीं अनेक क्रियापदें आहेत, त्यांनीं या प्रश्नांचीं उत्तरें आपल्या पोटांत सांठवून ठेविलीं आहेत. 'माजलें' म्हणतांच बोलणाराचा एक निवाडा झालेला असतो. 'बहरलें' म्हणतांच दुसरा. या सर्वांच्या जागीं एकच शब्द बसविला म्हणजे भाषेचें सौंदर्य उणावतें, हें तर खरेंच. पण त्याहून मोठी हानि अशी कीं, बोलणारा निवाडा करण्याचेंच सोडून देतो. ज्याला गाजरगवताचाही विकास दिसतो, त्याला उद्यां पीक कोणतें व तण कोणतें हें विचारावें लागेल.

या हानीचा दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाहीं. आम्ही शिक्षकही त्यांत वांटेकरी आहों. परीक्षेंत 'समानार्थी शब्द लिहा' असा प्रश्न असतो, आणि त्यासाठीं मुलें पाठ करितात : बहरणें म्हणजे फुलणें, फुलणें म्हणजे विकसणें, फोफावणें म्हणजे वाढणें. गणितांतील बरोबरीचें चिन्ह भाषेंत फार जपून वापरावें लागतें. पांच आणि तीन मिळून आठ होतात ते कोणत्याही ऋतूंत होतात. परंतु 'मोहरणें' आणि 'फळणें' यांच्यामध्यें निम्मा हिंवाळा आणि बहुतेक उन्हाळा उभा असतो. समानार्थी शब्द हे एकाच घरांतील भावंडांसारखे असतात. चेहरेपट्टी सारखी, पण स्वभाव निराळे. पाहुण्यांची गफलत होते. आईची होत नाहीं. आपल्या भाषेच्या घरांत आपण पाहुणे राहूं नये, एवढेंच माझें म्हणणें आहे.

या क्रियापदांचे स्वभाव ओळखावयाचे तर तीं ज्या जागीं वाढलीं त्या जागीं, म्हणजे शेतांत आणि बागेंत, जावें लागतें. पेरलेलें बीं जमिनींत मूळ धरतें, तें 'रुजणें'. रुजणें डोळ्यांस दिसत नाहीं; म्हणूनच आपण म्हणतों कीं, अमुक विचार मनांत रुजला, अमुक चाल समाजांत रुजली. जें रुजलें नाहीं तें चार दिवस हिरवें दिसेल, पण टिकणार नाहीं, असा भाव त्या शब्दांत आहे. पुढें पाऊस ओढ देतो, रोपें माना टाकतात, आणि एके रात्रीं चांगली सर येऊन जाते. सकाळीं शेतकरी म्हणतो, पीक तरारलें. 'तरारणें' या शब्दाला आधीं कोमेजणें लागतें. ज्याला कधीं तहान लागली नाहीं तें तरारत नाहीं. दुखण्यांतून उठलेल्या मुलाच्या चेहऱ्यास हा शब्द शोभतो. सदा सुखांत लोळणाराच्या चेहऱ्यास शोभत नाहीं.

मग भाताला फुटवे फुटतात, ज्वारी पोटरींत येते, आणि कणीस बाहेर पडलें म्हणजे ती 'निसवते'. हे शब्द शहरांतील मुलांना आज परके वाटतील. पण त्यांवरून एक गोष्ट ध्यानांत यावी. शेतकऱ्यानें वाढीची प्रत्येक पायरी निरनिराळ्या नांवानें ओळखली, कारण प्रत्येक पायरीवर त्याचें काम निराळें असतें. पोटरींतल्या ज्वारीला पाणी चुकलें तर पुढें दाणा नीट भरत नाहीं. 'पीक वाढलें' एवढ्या मोघम शब्दांवर त्याचा संसार चालला नसता.

आतां 'फोफावणें' पाहा. यांत वेग आहे, विस्तार आहे, हिरवेपणा आहे. परंतु फळाचें आश्वासन नाहीं. कपाशीला नत्राचें खत प्रमाणाबाहेर पडलें कीं झाड उंच होतें, पानें दाट येतात, आणि बोंडें मात्र कमी धरतात. गव्हाला तेंच झालें तर तो उंच वाढून वाऱ्यानें लोळतो. अशा पिकास शेतकरी फोफावलेलें म्हणेल, प्रसंगीं माजलेलेंही म्हणेल. पण बहरलेलें म्हणणार नाहीं. गाजरगवत तर फोफावण्याचा नमुनाच आहे. अमेरिका खंडांतून आलेलें हें तण पुण्यास १९५५ च्या सुमारास प्रथम लक्षांत आलें, आणि पुढें कांहीं दशकांत देशाच्या बहुतेक भागांत पसरलें. एका रोपाला हजारों बिया येतात. गुरें त्याला सहसा तोंड लावीत नाहींत, आणि माणसाच्या कातडीला व श्वासाला त्याचा उपद्रव होतो. केवळ पसाऱ्यावरूनच यश ठरवावयाचें असतें, तर पहिलें बक्षीस या गवतालाच द्यावें लागलें असतें.

'मोहरणें' याचा स्वभाव याच्या उलट. कोंकणांत पौष-माघांत आंबा मोहरतो. पान दिसूं नये इतकें झाड मोहरलें, तरी जाणता बागाईतदार हुरळून जात नाहीं. एकेका तुऱ्यावर शेंकडों फुलें असतात, त्यांतून फळापर्यंत एकदोनच पोहोंचतात, आणि कित्येक तुरे तर रितेच गळतात. ढगाळ हवा, तुडतुडे, भुरी यांतून जें वांचेल तें खरें. म्हणून 'मोहरणें' हा आशेचा शब्द आहे, प्राप्तीचा नव्हे. दहाव्या वर्षीं मन लावून चित्रें काढूं लागलेल्या मुलीची कला मोहरली असें म्हणावें. ती बहरली असें इतक्यांत म्हणूं नये.

'बहरणें' या शब्दाचें मूळ फारसी 'बहार', म्हणजे वसंतऋतु. परंतु आपल्या बागाईतदारानें त्यास असा कांहीं आपलासा केला आहे कीं, आज तो परका होता हें सांगूनही खरें वाटत नाहीं. संत्रें, मोसंबें, डाळिंब, पेरू या झाडांची वर्षांतून तीन वेळां फुलावयाची प्रवृत्ति असते. जानेवारी-फेब्रुवारींत, आंब्याच्या मोहोराबरोबर येतो तो आंबे बहार. मृगाच्या पावसाबरोबर येतो तो मृग बहार. आणि हस्त नक्षत्राच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरांत, येतो तो हस्त बहार. झाडाला मोकळें सोडलें तर तें तीनही वेळां थोडें थोडें फुलेल, थोडें थोडें फळेल, आणि मनाजोगें पीक एकाही वेळीं देणार नाहीं. म्हणून बागाईतदार पाणी, जमीन व बाजार यांचा विचार करून त्यांतील एकच बहार निवडतो. याला तो 'बहार धरणें' म्हणतो.

निवडलेला बहार धरण्यासाठीं तो झाडाला अधिक पाणी घालीत नाहीं. उलट कांहीं आठवडे पाणी तोडतो. याला 'ताण देणें' म्हणतात. झाडाची पालेदार वाढ थांबते, अन्न फांद्यांत सांठतें, जुनीं पानें पिवळीं पडून गळूं लागतात. मग मशागत करून, खत देऊन, पहिलें पाणी बेतानें सोडलें म्हणजे झाड फुलांनीं लगडतें. हा ताण किती द्यावा याचें एकच माप नाहीं. हलक्या जमिनींत थोडे दिवस पुरतात, भारी काळ्या जमिनींत अधिक लागतात. झाडाचें वय आणि प्रकृतिही पाहावी लागते. ताण कमी पडला तर बहार नीट फुटत नाहीं. फाजील झाला तर फांद्या वाळतात आणि झाडच हातचें जाऊं पाहतें. निवड, संयम, माप, आणि मग वेळेवर पाणी, इतकें सगळें 'बहर' या एका शब्दामागें उभें आहे. फोफावणें आपसूक होतें. बहर धरावा लागतो.

वाढीची निंदा करणारे शब्दही आपल्याकडे कमी नाहींत. तण माजतें, रान माजतें, आणि आयतें खाऊन अंग न हालविणारा माणूसही माजतो. 'बोकाळणें' हें लांचलुचपत, व्यसन, बुवाबाजी यांच्यासाठीं राखून ठेविलेलें आहे. एखाद्या गांवांत प्रामाणिकपणा बोकाळल्याचें कोणीं ऐकिलें आहे काय? 'सोकावणें' म्हणजे चटक लागून धीट होणें. म्हातारी मेल्याचें दुःख नाहीं, पण काळ सोकावतो, ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. एकदां खपून गेलेली वाईट गोष्ट पुन्हां पुन्हां दाराशीं येते, हा अनुभव तींतील एका क्रियापदानें सांगितला आहे. 'फळफळणें' तर याहून चमत्कारिक. नशीब फळफळतें, दैव फळफळतें. परंतु विद्या फळफळली किंवा मेहनत फळफळली असें कोणी म्हणत नाहीं. श्रमाचें फळ निराळें आणि अवचित हातीं आलेलें घबाड निराळें, हा भेद या शब्दानें आमच्यासाठीं जपून ठेविला आहे.

शेतांतून घरीं आलों तरी हाच प्रकार. तान्हें मूल बाळसें धरतें. नवी शाळा, नवें वाचनालय हींही बाळसें धरतात. परंतु शंभर वर्षांच्या पेढीनें बाळसें धरलें असें लिहिलें तर वाचणारास हंसूं येईल. तिची 'भरभराट' व्हावयाची. भरभराटींत पैसा आहे, राबता आहे, भरलेलीं कोठारें आहेत. 'बरकत' हा अरबींतून आलेला शब्द त्याहून वेगळा. मिळकत बेताचीच असून घरांत कांहीं उणें पडत नाहीं, ती बरकत. अमक्याच्या घरीं पैसा पुष्कळ येतो, पण बरकत नाहीं, हें वाक्य आपण आजीच्या तोंडून ऐकिलेलें असेल. आणि 'नांदणें' या शब्दाची तर गोडीच वेगळी. एकट्याला राहतां येतें, एकट्याला श्रीमंतही होतां येतें, पण एकट्याला नांदतां येत नाहीं. ज्याच्या उंबऱ्याशीं चारपांच जोड चपलांचे पडलेले आहेत, चुलीवर आधण आहे, आल्यागेल्याची चाहूल आहे, तें नांदतें घर. कुलूप लावून ठेविलेला तीनमजली बंगला किंमतीनें दसपट असेल. तो नांदता नव्हे.

राहतां राहिलें साधें 'वाढणें'. संस्कृतांतील 'वृध्' धातूपासून तें आलें आहे आणि स्वभावानें अगदीं निःपक्षपाती आहे. वय वाढतें, पुण्य वाढतें, ताप वाढतो, कर्जही वाढतें. पण त्याच्याही मनाचा एक कोपरा हळवा आहे. देवापुढें नारळ 'फोडला' न म्हणतां 'वाढविला' म्हणतात. हातांतली बांगडी फुटली तर ती 'वाढली' म्हणतात. धान्य मापतांना पहिल्या मापाला 'एक' न म्हणतां 'लाभ' म्हणण्याची रीत याच मनोवृत्तीची. फुटण्याच्या, सरण्याच्या जागींही वाढीचीच इच्छा तोंडीं यावी, इतकें हें क्रियापद आपल्या घरांत मुरलेलें आहे.

मग 'विकास' हा शब्द टाकाऊ आहे काय? मुळींच नाहीं. कळी उमलणें, पाकळ्या मोकळ्या होणें, हा त्याचा जुना अर्थ. सूर्यविकासी आणि चंद्रविकासी कमळें हे शब्द आपल्या परिचयाचे आहेत. म्हणजे तो शब्दही एके काळीं बागेंतलाच होता; आम्ही त्याला इतकें राबविलें कीं त्याचा गंध उडून गेला. इंग्रजींतील 'फ्लरिश' या क्रियापदाची जन्मकथा अशीच आहे. लॅटिन भाषेंतील फुलाच्या नांवावरून तें निघालें. त्याच्या शेजारचें 'थ्राइव्ह' मात्र उत्तरेकडील जुन्या नॉर्स भाषेंतून आलें, आणि त्याच्या मुळाशीं 'हस्तगत करणें' हा भाव आहे. एका शब्दाला उत्कर्ष म्हणजे फुलणें वाटलें, दुसऱ्याला मुठींत धरणें वाटलें. आमचे विद्यार्थी भाषांतराच्या तासाला या दोहोंपुढें डोळे मिटून 'भरभराट होणें' लिहितात. वस्तुतः इंग्रजींत व्यापार, चित्रकला, वेल आणि लांचलुचपत हीं चारही 'फ्लरिश' होऊं शकतात. मराठींत व्यापाराची भरभराट होते, चित्रकला बहरते, वेल फोफावते आणि लांचलुचपत बोकाळते. येथें भाषांतरकाराला थांबून विचार करावा लागतो, आणि तेंच भाषांतराच्या अभ्यासाचें खरें फळ आहे.

यावर कोणी म्हणतील, कारभाराला आणि शास्त्राला निर्विकार शब्द लागतात. तेथें बहर आणि माज घेऊन काय करावयाचें? हा आक्षेप मला मान्य आहे. जिल्ह्याच्या अहवालांत 'रस्ते बहरले' असें कोणी लिहूं नये. तेथें किलोमीटर आणि रुपये लिहिलेले असतात, ते आपली साक्ष देतात. पण निबंध म्हणजे अहवाल नव्हे. स्वतःच्या गांवाविषयीं लिहितांना मुलानें स्वतःचे डोळे आणि स्वतःचें मत वापरावें अशी अपेक्षा असते. तेथेंही तो निर्विकार शब्दाच्या आड उभा राहूं लागला, तर तो शब्द निर्विकार नसून मुका आहे असें समजावें. दुसरे कोणी म्हणतील, हा शुद्ध मराठीचा हट्ट आहे. तसेंही नाहीं. 'बहर' फारसी आहे, 'बरकत' अरबी आहे, आणि दोन्हींशिवाय माझें चालत नाहीं. शब्द कोठून आला यापेक्षां तो येथें रुजला कीं नाहीं, हें मी पाहतों.

तिसरा आक्षेप शहरांतील पालकांचा. आमच्या मुलांनीं ज्वारीचें शेत पाहिलेलें नाहीं, त्यांनीं हे शब्द आणावेत कोठून? दोन जागा सांगतों. पहिली जागा म्हणजे घरांतील वडील माणसें. दुसरी म्हणजे कोश. मोल्सवर्थ यांनीं शास्त्रीमंडळींच्या आणि कॅंडी बंधूंच्या साहाय्यानें रचिलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्यें निघाला व त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ मध्यें आली. दाते आणि कर्वे यांनीं सिद्ध केलेला महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळांत सात विभागांनीं प्रसिद्ध झाला. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं तर केवळ मराठी धातूंचाच कोश रचिला. जुने कोश आतां पडद्यावरही पाहतां येतात. रोज एक क्रियापद काढावें, त्याचीं उदाहरणें वाचावीं, आणि तें कशाला लागतें व कशाला लागत नाहीं, याचीं दोन वाक्यें स्वतः करावीं. समानार्थी शब्दांची यादी घोकण्यापेक्षां हा अभ्यास शतपट लाभाचा आहे.

पालकहो, आतां थोडें आपणांशीं. मुलांविषयीं आपण कोणतीं क्रियापदें वापरतां, याचा कधीं विचार केला आहे काय? ज्याची प्रगति दिसत नाहीं त्या प्रत्येकाला आपण 'मागें पडला' म्हणून मोकळे होतों. बागाईतदार असें बोलत नाहीं. तो म्हणेल, हें झाड खुरटलें, हें खुंटलें, आणि हें करपलें. खुरटलें तें निकस जमिनीमुळें. त्याला खत हवें. खुंटलें त्याच्या वाढीला कांहींतरी अडथळा आहे. तो काढावयास हवा. करपलें त्याला ऊन सोसवलें नाहीं. त्याला थोडी सावली हवी. तिघांना एकच नांव दिलें म्हणजे तिघांना एकच औषध दिलें जातें, आणि करपलेल्याला पुन्हां उन्हांतच उभें केलें जातें.

तीच गोष्ट बहराची. मुलानें गणितांत पुढें यावें, संगीतांत यावें, क्रिकेटांत यावें, आणि हें सर्व एकाच वर्षीं व्हावें, अशी इच्छा म्हणजे तीनही बहार एकाच झाडावर धरण्याची इच्छा होय. आज आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडीं 'ताण' हा शब्द फार ऐकूं येतो. तोच शब्द बागाईतदारही वापरतो. पण त्याच्या ताणाला हेतु असतो, माप असतें आणि शेवट असतो. पाणी कोणत्या दिवशीं सोडावयाचें तें त्यानें मनाशीं ठरविलेलें असतें. पाण्याचा दिवस न ठरवितां दिलेल्या ताणाला ताण म्हणत नाहींत, दुष्काळ म्हणतात. उलटपक्षीं, मुलाला कधींच कांहीं नाकारावयाचें नाहीं, मागेल तें त्याच्या हातांत ठेवावयाचें, असें केलें तर तें मूल फोफावतें खरें. पण लवकरच सोकावतें, आणि पुढें काय होतें त्यालाही मराठींत शब्द आहे. शेजाऱ्याच्या झाडाचें माप आपल्या जमिनीला लावूं नये, हें तर प्रत्येक माळी जाणतो.

शेवटीं त्या निबंधाची हकीकत पुरी करितों. मीं त्या मुलाला निबंध पुन्हां लिहावयास सांगितला आणि शेतीचा शब्द आजोबांना विचारून ये म्हणून बजावलें. चार दिवसांनीं त्यानें वही आणून दिली. तींत लिहिलें होतें : "आमच्या गांवचा बाजार भरभराटीस आला आहे. ओढ्याकांठीं गाजरगवत माजलें आहे आणि थांब्याजवळ दारूचीं दुकानें बोकाळलीं आहेत. कालव्याचें पाणी आल्यापासून ऊस फोफावला, पण ज्वारी आणि हरभरा दिसेनासा झाला. शेती बहरली असें आजोबा म्हणत नाहींत." मीं लाल पेन्सिल खालीं ठेविली. त्याच मुलानें, त्याच गांवाविषयीं, जवळ जवळ तितक्याच शब्दांत लिहिलें होतें. मात्र या वेळीं त्यानें आपलें गांव पाहिलें होतें. वर्गांत अडलेला शेतीचा निकाल आजोबांनीं लाविला होता.

विद्यार्थिमित्रहो, आपण सर्व वाढणार आहांत, हें सांगावयास ज्योतिषी नको. कोणत्या क्रियापदानें वाढावयाचें, हें मात्र आपल्या हातीं आहे. रुजा, तरारा, एक बहार निवडून तो नेटानें धरा, आणि चारचौघांत मिळून नांदा. तुमच्याविषयीं लिहितांना पुढें कोणाला दुसरा शब्द शोधावा लागूं नये, हीच या शिक्षकाची इच्छा.